प्लास्टरमधल्या महिन्यांचा रिपोर्ट

३ फेब्रुवारी

धाकट्या,

रिपोर्ट सोबत जोडला आहे. तू आधी तोच उघडशील, आकडे बघून घाबरशील आणि मग पत्राकडे वळशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच ओळींत सांगून टाकते. सगळं उत्तम आहे. एका मिलीलिटरमध्ये सहा कोटी वीस लाख शुक्राणू. दीड कोटीच्या वर असले तरी आम्ही समाधान मानतो. त्यांतले निम्म्याहून जास्त नीट पळणारे. मी स्वतः मोजले नाहीत. लॅबमध्ये वीस वर्षं काढूनही भावाची काचपट्टी भिंगाखाली घेण्याइतकी मी निर्ढावलेली नाही. आमच्या चष्मेवाल्या बाईंनी मोजले. त्या माझ्याही आधीपासून त्या टेबलावर आहेत. सही तेवढी माझी, कारण विभागाची प्रमुख मी.

नियम असा आहे की काही आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा आणि मगच बोलावं. पण गेल्या आठवड्यात काउंटरवर मी तुला पाहिलं. एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली ती डबी, आणि चेहरा असा की डबीत बॉम्ब आहे. तुला पुन्हा त्या जिन्यावरून चढवायला माझं मन होत नाही. आकडे इतके स्वच्छ आहेत की गरजही वाटत नाही.

सहा वर्षं तू या तपासणीला नाही म्हणत होतास. पुरुषाची तपासणी म्हणजे पुरुषाचा अपमान, ही समजूत ज्या दिवशी मातीत जाईल त्या दिवशी कितीतरी बायकांची पोटं विनाकारण उघडायची थांबतील, हे मी दर सभेत घसा फोडून सांगते आणि घरी माझाच भाऊ पाय मोडून अंथरुणावर पडल्याशिवाय तयार होत नाही. असो. झालास, हे महत्त्वाचं.

आईला वेगळी चिठ्ठी टाकली आहे. तिला आकडे कळायचे नाहीत म्हणून एवढंच लिहिलं की दोष आपल्याकडे नाही.

फोन करत नाही, काळजी करू नकोस. दिवसभर लोकांची संकटं कानाला लावून बसणाऱ्याला घरी घंटी ऐकवत नाही, हे मला मान्य आहे. पोस्टमन आहे तोवर आपण आहोत. आता प्लास्टरही निघालं असेल. साडेतीन महिन्यांत गाल भरलेत, ते कामावर जाऊन आठ दिवसांत उतरवू नकोस.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. रिपोर्ट मी तीनदा वाचला आणि खरं सांगू, बाथरूममध्ये जाऊन रडलो. इतकी वर्षं छातीवर काय बसलं होतं ते उठल्यावर कळलं.

कामावर रुजू झालो. तळघरातली खोली तशीच आहे, बारा खुर्च्या, बारा पडदे, खिडकी एकही नाही. माझी सात नंबरची, खांबाला चिकटून. अडचणीत सापडलेल्या माणसाने नंबर फिरवला की आमच्या कानात वाजतो. आग, अपघात, कुणाच्या छातीत कळ. चार वर्षांपूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजणारा आकडा बसवला होता ते तुला सांगितलंच होतं. फोन उचलल्यापासून नव्वदच्या आत गाडी सुटली पाहिजे. मी घरी होतो तेवढ्यात त्याचे पंच्याहत्तर केलेत. पन्नासला आकडा पिवळा होतो, पंच्याहत्तरला लाल. लाल झाला की काचेच्या केबिनमधला साहेब आपल्या कानात येऊन बसतो. बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. आम्ही त्याला कानवाला म्हणतो. शेजारच्या खुर्चीवरचा आठ नंबर म्हणतो की कानवाल्याला घरी बायको काय बोलते तेवढं मात्र ऐकू येत नाही.

घरची गोष्ट सांगायची आहे. तुझी चिठ्ठी आली त्या दिवशी हिचे वडील आले होते. आईने चिठ्ठी उभ्याने वाचली, चष्मा लावून, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आमच्याकडे नाही, म्हणजे कुणाकडे, ते काही बोलून दाखवायला नको." सासऱ्यांना तू ओळखतेसच, घड्याळं दुरुस्त करत आयुष्य गेलं, आवाज म्हणून वर जात नाही. ते उठले, पाणीसुद्धा न पिता गेले.

हिने रिपोर्ट हातात घेतला, दुकानात भिंग लावून बसते तशी मान वाकवून वाचला, आणि मला एवढंच विचारलं की नमुना नेमका कधी दिला. मी तारीख सांगितली. तिने मान हलवली आणि डबे आवरायला गेली.

पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेतो आहोत. आता तिच्या बाजूने सुरू करायचं ठरलंय.

धाकटा


११ जून

ताई,

मार्चमधलं तुझं पत्र मिळालं होतं, उत्तराला उशीर झाला. हिच्या दोन तपासण्या झाल्या. दुर्बीण घालून पाहिलं, पोटाला तीन भोकं, चार दिवस सरळ उभं राहता येत नव्हतं. सगळं मोकळं आहे म्हणतात, काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून आई जास्तच चिडली आहे. डॉक्टर म्हणतात, कारण कळत नसेल तर इंजेक्शनं देऊन पाहू.

एक वेगळंच विचारायचं होतं, माझ्यासाठी नाही. आमच्या खोलीत अकरा नंबरच्या खुर्चीवर जो बसतो त्याच्या घरीही हाच प्रश्न आहे, बायकोवर उपचार चालू आहेत. त्याचा पूर्वीचा रिपोर्ट चांगला होता. परवा त्याने गुपचूप दुसरीकडे तपासून घेतलं, तर साठ लाख. पळणारे फार थोडे. साठ लाख हा आकडाच खोटा असेल का? एकाच माणसाचे सहा कोटींचे साठ लाख कसे होतील? तू लॅबवाली, म्हणून त्याने माझ्यातर्फे विचारलंय. बायकोला त्याने अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक. आमच्या खोलीत एक पद्धत आहे. ज्याच्या घरी मूल झालं त्याच्या हेडफोनच्या वायरीला बाकीचे रंगीत दोरा बांधतात. काही वायरी दोऱ्यांनी जाड झाल्या आहेत. काल दोरे मोजत बसलो. तो सेकंदांचा आकडा बसल्यापासून चार वर्षांत एकही नवा दोरा नाही. आठ पुरुष आहोत, सहा लग्न झालेले, सगळे पस्तिशीच्या आतबाहेर. हे मी कुणाला बोललो नाही. अकरा नंबरला बोललो.

धाकटा


२० जून

धाकट्या,

अकरा नंबरला सांग की लॅब चुकलीच असेल असं समजू नकोस. आणि हे पत्र त्याला वाचून दाखव, मी ते त्याच्यासाठीच लिहिते आहे.

वृषणात केसांसारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. शुक्राणू त्या नळ्यांत तयार होतात. नळ्यांच्या मधल्या फटींत वेगळ्या पेशी बसलेल्या असतात, त्यांचं काम पुरुषी संप्रेरक बनवणं. ते मिळालं नाही तर नळ्यांतलं काम अर्ध्यावर थांबतं. आता माणूस घाबरला, दबला, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. वाघ मागे लागला तर हे रसायन जीव वाचवतं. रक्तात साखर वाढव, पायांना ताकद दे, बाकीची खाती बंद कर. पोरं जन्माला घालायचं खातं सगळ्यांत आधी बंद, कारण वाघ मागे असताना त्याची कुणाला घाई नसते. त्या फटींतल्या पेशींवर कॉर्टिसॉलला धरून घेणाऱ्या जागा आहेत. निसर्गाने त्याच पेशींत कॉर्टिसॉल मोडून टाकणारं एक विकरही ठेवलं आहे, दारावर रखवालदार ठेवावा तसं. रोज येणाऱ्या चार जणांना तो परत पाठवतो. पण दर पंच्याहत्तर सेकंदांना एक वाघ सोडला, दिवसाला शंभर वाघ, चार वर्षं, तर एकटा रखवालदार कुठवर पुरणार? पेशी संप्रेरक कमी बनवू लागतात. काही मरून जातात. उंदरांना अरुंद नळीत रोज काही तास अडकवून हे पाहिलेलं आहे. मीही तसल्या काचपट्ट्या पाहिल्या आहेत. ज्या नळ्या गच्च भरलेल्या असायला हव्यात त्या मधोमध पोकळ दिसतात.

माणसांत हे इतकं सरळ दाखवता येत नाही. काउंट तसाही वरखाली होतो. ताप आला, औषधं चालू असली तरी होतो. म्हणून एका माणसावरून मी शपथ घेणार नाही. पण तुझे ते दोरे वाचून विचारावंसं वाटतं. त्या खोलीचं कुणी मोजमाप केलं का? किती फोन किती सेकंदांत, हे मोजणारी माणसं आहेत. ते फोन घेणाऱ्या शरीरांचं काय झालं हे मोजायला एकही नाही. मूल झालं नाही तर बाई वांझ आणि दोष बाईत नसेल तर पुरुष नामर्द. या दोन शिव्यांच्या पलीकडे आपली भाषाच जात नाही. त्या भाषेला काचेची केबिन दिसत नाही, कोपऱ्यातला लाल आकडा दिसत नाही. शरीर मात्र सगळं मुकाट्याने लिहून ठेवतं.

त्याला हेही सांग की एक शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात. आजचा नमुना आजचा माणूस दाखवत नाही, तीन महिन्यांपूर्वी तो कसा जगत होता ते दाखवतो. म्हणून आशा आहे. खुर्ची सोडली, नीट झोपला, तर बऱ्याचदा सुधारतं.

आणि शेवटचं. बायकोवर उपचार चालू असताना त्याने तिला सांगितलेलं नाही, हे तू इतक्या सहज कसं लिहितोस? त्याला म्हणावं, आज संध्याकाळी घरी जाऊन सांग, उद्या नाही. आपली लाज झाकायला दुसऱ्याचं पोट वापरायचं, याला मी लपवाछपवी म्हणत नाही, हल्ला म्हणते. असा माणूस माझा भाऊ असता तर मी जन्मभर त्याचं तोंड पाहिलं नसतं.

ताई


८ जुलै

ताई,

अकरा नंबरला पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचायला लावली. सांगेन म्हणाला आहे, थोडे दिवस दे म्हणाला. त्याच्या घरी म्हातारी आई आहे, आणि तिने एकदा सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलून टाकली आहे, ती आता परत कशी घ्यायला लावायची, हे त्याला कळत नाही.

परवा एका मुलीचा फोन आला. वडील जमिनीवर पडलेत, श्वास मोजते आहे, म्हणाली. पत्ता विचारला तर ती श्वासच मोजत राहिली. मी तिला मोजू दिलं, कारण थांबवलं असतं तर तिने फोन ठेवला असता. अठ्ठ्याऐंशीला पत्ता मिळाला. कानवाला कानात होता. नंतर मला केबिनमध्ये बोलावून त्याने फक्त कागद पुढे सरकवला, तेरा सेकंद जास्त, सही कर. त्या मुलीच्या वडिलांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळवत नाहीत. रजा मागितली, साडेतीन महिने घरीच होतास की, म्हणाला.

हिची इंजेक्शनं सोमवारपासून सुरू झाली. पोट फुगल्यासारखं वाटतं म्हणते. तरी दुकानात जाते.

धाकटा


४ ऑगस्ट

धाकट्या,

काल आईचा फोन आला. रडत होती, शब्द कळत नव्हते. इंजेक्शनांनी उजवा अंडाशय सुजला, देठाभोवती पिळला गेला, काळा पडला आणि काढून टाकावा लागला, एवढं मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं. सहा दिवस झाले. तू मला एक ओळ लिहिली नाहीस.

आज सकाळी तिथल्या डॉक्टरांचा आमच्या लॅबला फोन आला. फाइल पूर्ण करायची होती. तुमच्याकडचा हा रिपोर्ट बरोबर आहे ना, म्हणून विचारलं. रिपोर्ट कधीचा, असं मी विचारलं. त्यांनी जानेवारीची तारीख वाचली. मी म्हटलं, जुलैत इंजेक्शनं सुरू करायची आणि जानेवारीचा कागद? ते म्हणाले, नवा मागितला होता, नवऱ्याने हाच आणून दिला, बहिणीच्या लॅबचा आहे म्हणाला.

फोन ठेवला आणि नोंदवही काढली. नमुन्याची तारीख पाहिली. प्लास्टर निघायच्या आदल्या आठवड्यातला नमुना. मग मी बोटांवर मागे मोजलं, जे मी दीड महिन्यापूर्वी एका परक्या माणसाला शिकवत होते. त्या नमुन्यातला एकूण एक शुक्राणू तू अंथरुणावर पडून असताना तयार झालेला. एकानेही ती खोली पाहिलेली नाही.

रिपोर्टात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं मी केलं. दुसरा नमुना मागायला मला तुझी लाज आड आली. त्यानंतर आईला ती ओळ लिहिली. समोर दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी असला रिपोर्ट एका नमुन्यावर बाहेर सोडला नसता, हाताखालच्या पोरीने सोडला असता तर तिला फाडून खाल्लं असतं.

आता मला एका प्रश्नाचं उत्तर दे. अकरा नंबरच्या खुर्चीवर कोण बसतं?

ताई


९ ऑगस्ट

ताई,

अकरा नंबरच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तिचा पाय मोडलाय, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

डॉक्टरांनी नवा रिपोर्ट मागितला तेव्हा मी दुसऱ्या टोकाच्या एका लॅबमध्ये गेलो, आपल्या ओळखीचं कुणी नको म्हणून. साठ लाख. कागद हातात घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. तुझा कागद घरी होता, तुझ्या सहीचा, सहा कोटींचा. मला वाटलं, ताई चुकणार नाही, हीच लॅब चुकली. खरंच वाटलं. निदान डॉक्टरांच्या टेबलावर तुझा कागद ठेवेपर्यंत वाटत होतं. मग तुझं पत्र आलं आणि वाटायचं थांबलं.

त्या दिवशी सांगणारच होतो. पत्र खिशात घेऊन दुकानात गेलो. ही भिंग लावून बसली होती, हातात चिमटा, चिमट्यात डोळ्याला न दिसणारा स्क्रू. मान वर न करता म्हणाली, थांबा, हे पडलं तर सापडायचं नाही. मी थांबलो. तुझी शेवटची ओळ डोक्यात फिरत होती. जन्मभर तोंड पाहणार नाहीस. आईने उभ्याने वाचलेली चिठ्ठी, सासऱ्यांची पाठ, तुझी ती ओळ, आणि मी. तिने स्क्रू बसवला, वर पाहिलं, काय म्हणत होतात, विचारलं. मी म्हटलं, जेवायला उशीर होईल.

ओळीला दोष देत नाही. तुला सांगायचं म्हणून सांगतो.

इंजेक्शनं पुढच्या सोमवारी सुरू झाली. पोट दुखतं म्हणाली तेव्हा आई म्हणाली की बायका एवढं सोसतातच. मीही तेच म्हणालो. तिला उलट्या होऊ लागल्या तेव्हा गाडी बोलवायला मीच आमचा नंबर फिरवला. आठ नंबरने उचलला. मी पत्ता विसरलो, ताई. स्वतःच्या घराचा पत्ता. तो मला ओळखत होता म्हणून गाडी आली.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. दोन्ही कागद पांघरुणावर ठेवले. तिने दोन्हींवरच्या तारखा वाचल्या. तुला पत्र लिहिणार आहे म्हणाली. काय लिहील मला माहीत नाही.

धाकटा


२ सप्टेंबर

ताई,

टाके निघाले. मी वडिलांकडे आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत. दिवसातून दोन तास टेबलाशी बसते. वाकलं की ओढ बसते, म्हणून वडिलांनी टेबलाखाली विटा लावून ते उंच केलं आहे.

तुमची दोन पत्रं आली. माफी मागितलीत ती मी वाचली. रडले नाही, तुम्हाला वाटेल रडले असेन. तुमच्या धंद्याबद्दल मी बोलू नये, पण माझ्या धंद्यातलं एक सांगते. आमच्याकडे एखादं घड्याळ येतं, टेबलावर ठेवलं की सेकंदालाही चुकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बंद पडतं. नवशिका कारागीर म्हणतो, तुमचा भ्रम आहे, घड्याळ ठीक आहे. वडिलांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे की घड्याळ उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, काम काय करता? कुणी लोहचुंबकाजवळ काम करतो, कुणी दिवसभर हातोडा मारतो. घड्याळ टेबलावर बंद पडत नाही, मनगटावर पडतं. फेब्रुवारीत मी यांना नमुन्याची तारीख विचारली ती म्हणूनच. मनात आलं होतं की हे टेबलावरचं मोजमाप आहे. पण मग वाटलं, मी घड्याळवाली, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, सभा गाजवणाऱ्या. तुमची सही होती. मी गप्प बसले. ती चूक माझी, ती मी कुणाला देणार नाही.

तुम्ही आईंना लिहिलंत, दोष आपल्याकडे नाही. सहा वर्षं मला वाटत होतं की त्या 'आपल्या'त मीही आहे.

एक गोष्ट तुम्हाला यांनी सांगितली नसेल, त्यांना सुचलीही नसेल. पाय प्लास्टरमध्ये होता त्या साडेतीन महिन्यांत आई आमच्या खोलीत झोपायच्या, पाय हलू नये म्हणून, दोघांच्या मध्ये गादी टाकून. तो सेकंदांचा आकडा बसल्यापासून चार वर्षांत मूल होण्यासारखे तेवढेच दिवस आले असावेत. हे मी दवाखान्यात हिशेब मांडला तेव्हा कळलं आणि मला हसू आलं. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली.

तुम्ही लिहिलंत की सगळी लढाई त्या खोलीशी आहे, आणि तुम्ही दोऱ्यांची गोष्ट घेऊन वरपर्यंत जाणार आहात. जा. सहा जणांच्या घरी सहा जणी आहेत, त्यांच्यातल्या कुणाला इंजेक्शनं चालू असतील तर आधी तिच्याकडे जा, वरपर्यंत नंतर. पण मला व्यासपीठावर नेऊ नका. माझं नाव न घेता सांगितलंत तरी मला ते कळेल.

रविवारी ते आणि आई आले होते. चांगली बातमी घेऊन आले होते. बोभाटा होईल म्हणून असेल, कानवाल्याने रजा मंजूर केली, तीन महिन्यांची, पुढे दुसरं काम देतो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याने विश्रांती घेतली तर त्याचं सुधारेल, आणि बाईचं एक आहे, एकावरही होतं. आईंचा चेहरा फार दिवसांनी उजळला होता. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या की झालं गेलं विसरून तीन महिन्यांनी पहिल्यापासून सुरू करू. त्यांचा माझ्यावर राग उरलेला नाही. त्यांना आता यांच्यावर राग धरायचा आहे, पण तो त्यांना धरता येत नाही, तेव्हा त्यांनी तो नशिबावर ठेवला आहे.

मग आई माझ्या वडिलांशी बोलायला बाहेर गेल्या आणि हे एकटे राहिले. बराच वेळ टेबलावरचे चिमटे सरळ करत बसले. मला म्हणाले, "थांबशील का तेवढं?"

मी त्यांना म्हटलं, "तुमचं तीन महिन्यांत सगळं नवीन होतं. माझं जे बरणीत घालून नेलं, ते नवीन होत नाही. पहिल्यापासून सुरू तुम्हाला करता येईल, मला नाही."

ते म्हणाले, मला माहीत असतं तर. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. त्यांचा श्वास मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता.

मला त्यांचा द्वेष वाटत नाही, ताई. त्या खोलीने त्यांचं काय केलं ते मला तुमच्याइतकंच समजतं. माणूस दुखावलेला होता हे मी मान्य करते. पण त्या दिवशी दुकानात ते माझ्यासमोर उभे होते तेव्हा त्यांच्या कानात कुणी नव्हतं. आकडा नव्हता, साहेब नव्हता. मी मान वर करून विचारलं होतं. तेवढा वेळ त्यांचा होता.

मी परत येणार नाही. घरातले माझे कपडे आणि हत्यारांचा जुना डबा तुम्ही पुढच्या खेपेला आणा, आईंना मागायला लावू नका. रजेचे दिवस मोजायचे तर ते त्यांनी मोजावेत. माझ्याकडे दुरुस्तीला चौदा घड्याळं आहेत आणि दिवसाला दोनच तास बसता येतं.